पंढरीकाकाचा अंदाज

“काका, कुठं गेला?” फटका मारून हरेशने विचारलं.

पंढरीने कपाळाशी हात धरला. खारघरच्या डोंगराखाली नुसतं हिरवं पसरलं होतं. त्यात बॉल कुठेच नव्हता.

“त्या बाभलीच्या डाव्या अंगाला.”

“नक्की ना? नायतर आत्ताच दुसरा मारून ठेवतो, हरवला तर परत मागं यायला नको.”

“कशाला? मी बगितला ना!”

पंढरीने खांद्यावर बॅग घेतली आणि तो चालू लागला.

गावच्या शेतांलगत गोल्फचं मैदान झालं, तेव्हा तो इथे खेळाडूंच्या बॅगा वाहणारा कॅडी म्हणून लागला. पुतण्या हरेशला मोडक्या स्टिकने पहिला फटका त्यानेच शिकवला. हरेश व्यावसायिक खेळाडू झाला. गेली नऊ वर्षं देशभरच्या टूरवर त्याची बॅग पंढरीच्याच खांद्यावर असे. हरेश मान वर करीपर्यंत बॉल नेमका कुठे पडला, हे पंढरीने टिपलेलं असे.

यंदा फेब्रुवारीपासून त्याच्या डोळ्यांपुढे धुकं साचलं होतं. बायको, गोजरा, मागे लागली होती, “डोलं दाखवा एकदा.”

“सीझन संपू दे. आपरेशन झाला का डॉक्टर महिनाभर वजन उचलू देनार नाय. मंग त्याची बॅग कोन घेनार?”

सीझन आता संपत होता. ही शेवटची स्पर्धा होती आणि तीही घरच्या मैदानावर. दुसऱ्या दिवसअखेर मागे पडलेले खेळाडू बाद होतात. आज हरेश बाद झाला, तर त्याची टूरवरची जागा जाणार होती. एकोणचाळिसाव्या वर्षी पोरासोरांबरोबर पुन्हा पात्रता फेरी खेळावी लागणार होती.

बाभळीच्या डावीकडे दोघांनी गवत पिंजून काढलं. पंच घड्याळाकडे बघत उभे होते. शोधायला तीनच मिनिटं मिळतात. पंढरी गुडघ्यांवर बसून हातांनी चाचपू लागला.

“वेळ संपली,” पंच म्हणाले.

तेवढ्यात उजव्या बाजूने एका स्वयंसेवकाची हाक आली. बॉल तिथे होता, झाडापासून चांगली वीस पावलं दूर. पण आता तो हरवल्यातच जमा होता. पुन्हा मागे जाऊन हरेशने दंडासह नवा फटका मारला.

एका फटक्याने तो बाद झाला.

स्कोअरकार्डवर सही करून हरेश बाहेर आला, तेव्हा पंढरी एकच स्टिक पुन्हा पुन्हा पुसत होता.

“हरेश, मी खोटा बोललो. मना बॉल दिसलाच नवता. वरीस होत आला, लांबचा कायच दिसत नाय.”

“ठाव हाय.”

पंढरीचा हात थांबला. “कदीपासून?”

“चंदीगडला तू होलवरचा झेंडा म्हनून एका मानसाकडं बोट दाखवलंस, तवापासून.”

“मंग दुसरा कॅडी का नाय घेतलास?”

हरेशने वाकून बुटाची नाडी आवळली. “दर स्पर्धेला ठरवायचो, आता सांगायचा. सकाली बघतो तर तू माज्या आधी बॅग घेऊन उभा.” “आज बाभलीच्या उजव्या अंगालापन शोधायला पायजे होता मी. मना कललेला, तुला दिसला नाय. पन तू बोललास, बगितला. चार लोकांत तुला खोटा कसा पाडू?”

पंढरीने स्टिक बॅगेत सरकवली. त्याने बॅग उचलली. हरेशने हात पुढे केला आणि मागे घेतला. मग तो काकाच्या अर्धं पाऊल पुढे चालू लागला.

क्लबहाउसच्या दाराशी तो हळूच म्हणाला, “पायऱ्या हायत, काका. तीन.”

पंढरी चाचपत दोन पायऱ्या चढला.

“अजून एक,” हरेश म्हणाला.