सातेरीची माती सत्यवतीच्या शेतात

देवराईत शिरलो आणि आधी नाकात गेला तो डिझेलचा वास.

लाटंबार्शाच्या आमच्या वाड्यावर सातेरी देवीच्या राईतून वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही. चुलीत घालायला काही नसले तरी नेत नाही. पडलेले पान तिथेच कुजते. त्या सकाळी पाहतो तर राईची एक कड खरवडून नेलेली. यंत्राच्या दातांचे ओरखडे दिसत होते. वरची काळी माती नाहीशी झाली होती, खालचा जांभा चिरा उघडा पडला होता आणि तुटलेली मुळे लोंबत होती. कडेची रोयण, म्हणजे वारूळ, निम्मी कापली होती. आमची देवी देवळात वारुळाच्याच रूपात आहे, म्हणून रानातल्या रोयणीलाही आम्ही हात जोडून पुढे जातो. त्या कापलेल्या अंगातून पांढरी वाळवी बाहेर सांडून उन्हात वळवळत होती.

चाकांच्या खुणा धरून उतरत गेलो. त्या थेट सत्यवतीच्या शेतात गेल्या होत्या.

सत्यवतीचे शेत माझ्या शेताला लागून. वरच्या खाणीचा चिखल पावसात वाहून यायचा आणि आमच्या शेतांत बसायचा. ऊन लागले की त्याची वीट व्हायची. खाण बंद पडली, गाळ मात्र राहिला. माझ्या मुलांनी शेत सोडले, सत्यवतीने सोडले नाही. ती शेण घालत राहिली, काजूखालचा पाला ओढून आणत राहिली, ताग पेरून फुलायच्या आधी गाडत राहिली. गेल्या पावसात तिने मला बांधावरून हाक मारली, जणू घरी वासरूच जन्मले होते. चिखलात गांडुळे दिसली होती. माती अजून तांबडीच होती, पण हातात घेतली की फुटत होती.

घरात मात्र त्या शेताचा तांदूळ शिजत नव्हता. तिची सून ज्योती आपल्या मुलीसाठी साखळीच्या बाजारातून तांदूळ आणायची. खाणीच्या मातीतले काय काय दाण्यात उतरते, असे लोक बोलतात, आणि ज्योतीचे काही चुकत होते असे मला वाटत नाही. सत्यवतीही तिला काही बोलत नसे. तिला फक्त एकदा खरे कळून घ्यायचे होते. म्हणून, मातीच्या कामासाठी आमच्या शेतकरी गटाला एका संस्थेचे छोटे अनुदान मिळाले, त्यात माती तपासणे आणि शाळेच्या मुलांना शिकवणेही होते, तेव्हा तिने स्वतःहून आपले शेत पुढे केले. त्याच दिवशी संस्थेची माणसे येऊन तपासायला माती नेणार होती.

शेतात गटाचा प्रमुख गुरुदास उभा होता. मागे तो पंच होता, त्या वेळची इस्त्री अजून उतरलेली नाही. दोन मजूर दाताळ्याने काळी माती सारखी करत होते.

"गुरुदास, ही माती खयची?"

"बरी दिसता मा, अनंतबाब?"

"खयची ती सांग."

"देवीची. तिच्याच लेकरांसाठी हाडली." तो हसला. "चोरून नाय हा. कौल घेतलंय. उजवी कळी पडली. ह्यो कृष्णनाथ आसा, त्येका इचारा."

आमच्याकडे देवीच्या अंगाला ओल्या कळ्या लावून प्रश्न विचारतात. उजवीकडची कळी पडली तर देवीने हो म्हटले. कृष्णनाथ गुरव बांधावर चहा पीत बसला होता. मी त्याच्याकडे वळलो.

"काय इचारलंस देवीक?"

तो पेल्यात बघत म्हणाला, "गावच्या शेतीच्या बऱ्यासाठी काम करतंव, करू काय, असा इचारलंय."

"राय खरवडतंव, असा सांगलंस?"

"गुरुदासान सांगल्यान तसा इचारलंय."

"देवीक तपशील कित्याक व्हयो?" गुरुदास मध्येच म्हणाला. "ती सगळा जाणता. आणि ह्या बघा, ती माणसा आज पुढच्या वर्साच्या अनुदानाचा ठरवूक येतत. तांबडा शेत दाखवलंव तर म्हणतले, वर्सभर ह्येनी केला काय? फोटोत काळा दिसाक व्हया."

इतकी वर्षे खाणवाल्यांना शिव्या दिल्या. ते निदान देवीला विचारून खणायला येत नव्हते.

सत्यवती पाहुण्यांसाठी सोलकढीचा टोप घेऊन आली. बांधावर पाऊल ठेवले आणि थांबली.

"माझा शेत खय गेला?"

"ह्या तुझाच गे," गुरुदास म्हणाला. "नवी साडी नेसवली त्येका."

ती आणखी काही बोलायच्या आत गाडी आली. फलक बांधला गेला. मी अक्षरे लावत तो वाचला. माती आमची माता, असे त्यावर होते. शाळेची मुले रांगेत उभी केली. 'निरोगी माती कशी ओळखावी' हा त्यांचा धडा होता. प्रत्येकाने राईची माती ओंजळीत धरायची आणि हसायचे, असे त्यांना सांगितले होते. एका मुलीच्या ओंजळीत रोयणीचे ढेकूळ आले. वाळवी अंगठ्यावर चढली तशी तिने किंचाळून ते टाकले. सगळे हसले, गुरुदास सर्वांत मोठ्याने.

संस्थेची विनिता, वयाने माझ्या नातीएवढी, पिशवीत माती भरत होती.

"मावशी, किती सुंदर झाली आहे हो माती! कसं केलंत?"

"त्येचा काय आसा, आमच्या गटान..." गुरुदासने सुरू केले.

"बाय, ती पिशवी हय दे," सत्यवती म्हणाली.

विनिताने पिशवी दिली. सत्यवतीने ती तिथेच रिकामी केली. मजुराच्या हातातले खोरे घेऊन काळ्या थरात घाव घातला, आणखी एक घातला, आणि खालची तांबडी माती वर काढली. ती पिशवीत भरून पुढे केली.

"ही ने. ही माझी. ती वरची देवराईतली, राती खरवडून हाडलली."

विनिता गुरुदासकडे बघू लागली. तो पाहुण्यांना जेवणाच्या मांडवाकडे वळवत होता.

"मावशी, ही कदाचित नापास होईल," ती हळूच म्हणाली. "मग पुढचं अनुदानही..."

"होवंदे नापास. माझ्या नातीन काय खावचा ता ह्या मातीक इचारूचा आसा. त्या मातीक नाय."

"सत्यवती, गावची अब्रू..." गुरुदास परत फिरून दात आवळत म्हणाला.

"अब्रू थय रायीत कापून पडली आसा," ती म्हणाली. "जा बघ. वाळवी बाहेर इली तिची."

विनिताने तांबड्या मातीच्या पिशवीला गाठ मारली, चिठ्ठीवर सत्यवतीचे नाव घातले आणि ती स्वतः गाडीत नेऊन ठेवली. जेवायला मात्र तीही बसली. सगळेच बसले. माती आमची माता, या फलकाखाली प्लास्टिकच्या ताटल्या मांडल्या गेल्या. थोड्या वेळाने वाऱ्याने त्यांतल्या काही राईच्या कडेला जाऊन अडकल्या.

सत्यवती आणि मी जेवायला बसलो नाही, काळी माती टोपल्यांत भरून राईत नेऊ लागलो. मग ज्योती आली. सासूशी काही न बोलता तिने टोपली उचलली. माती परत चिऱ्यावर ओतली तरी बसत नव्हती, घसरून खाली येत होती. जी झाडांनी घट्ट धरून ठेवली होती, ती आता नुसती धूळ झाली होती. सत्यवती रोयणीच्या कापलेल्या बाजूला ओंजळीने माती लावत होती आणि ती गळून पडत होती.

तेवढ्यात कृष्णनाथ आला. हाताला अजून जेवणाचा वास होता. दुसऱ्या हातात पानावर ओल्या कळ्या होत्या.

"देवीकडे क्षमा मागतंय," तो म्हणाला. "कौल घेतंय."

"आता काय इचारतलंस?" सत्यवतीने मान वर न करता विचारले.

त्याने एक कळी उचलली आणि पुन्हा पानावर ठेवली.

"ता पान खाली ठेव," मी म्हणालो. "आदी टोपली उचल."