धुतलेला रांजण

मित्रांनो, सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या एका तांड्यात, निर्मलाबाईच्या पडवीत जो तांबडा रांजण रिकामा उभा आहे ना, तो मी. दिसायला अजून ठणठणीत आहे. कुठे तडा नाही, काठाला टवका नाही. येणारा-जाणारा म्हणतो, "वा, नवाच दिसतो की!" ते ऐकलं की मला रडावंसं वाटतं. मातीच्या भांड्याला रडायची सोय नसते, म्हणून तुमच्याजवळ मन मोकळं करतो आहे.

पूर्णेच्या काठची माती मळून औंढ्याच्या एका कुंभाराने मला घडवलं. थापीने चोपून चोपून त्याने मला असं काही फुगवलं, की भट्टीतून निघालो तेव्हा माझा मलाच अभिमान वाटला. महाशिवरात्रीच्या जत्रेत मी नागनाथाच्या वाटेवर विकायला बसलो होतो. तिथे भिकाबाई आली. तिने मला बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं, कान लावला, मान डोलावली आणि डोक्यावर चुंबळ ठेवून मला तांड्यावर आणलं. भिकाबाई म्हणजे निर्मलाबाईची सासू.

माझ्यात काय भिजत असे, ते लेकरांना सांगू नये असं मोठी माणसं म्हणतात. पण ते सांगितल्याशिवाय माझी कथा पुढे सरकत नाही. माझ्यात मोहाची फुलं भिजत. चैत्रात पहाटे बायका फुलं वेचून आणत, अंगणात वाळवत आणि गुळाच्या पाण्यासोबत माझ्या पोटात भरत. तोंडाला फडकं बांधलं की मी कामाला लागायचो. दोन-तीन दिवसांत आतून बुडबुडे येत, बारीक खदखद सुरू होई. मग भिकाबाई माझ्या तोंडाशी कान नेई आणि सुनेला हाक मारी, "ये, ऐक. रांजण बोलायला लागला."

लग्न असो, होळी असो, माझ्यातली पहिली वाटी जमिनीवर ओतत, वाडवडिलांच्या नावाने. मग माणसांची पाळी. म्हातारे घोट घेऊन डोळे मिटत आणि म्हणत, "भिकाबाईच्या हातचं हाय, बराबर वळखलं." हात भिकाबाईचा खराच, पण थोडं श्रेय माझंही होतं की नाही? तुम्हीच सांगा.

मला कधीच घासायचं नाही, हा भिकाबाईचा नियम होता. साबण नाही, राख नाही, गरम पाणी तर मुळीच नाही. रिकामा झालो की थंड पाण्याने हलकेच विसळायचं आणि बुडाचा गाळ तसाच ठेवायचा. तोच पुढच्या खेपेचं बी. आतून मी काळाकुट्ट झालो होतो आणि वासही मारत होतो, हे कबूल. सून नवी होती तेव्हा तिने एकदा नाक मुरडलं होतं. भिकाबाई तिला म्हणाली होती, "ह्याच्या अंगात जीव हाय, बाई. वरून रांजण, आतून लेकरू. लेकराला कोणी उकळत्या पाण्यानं न्हाऊ घालतं का?"

सुखाचेच दिवस होते असं नाही. माझ्या जोडीला आणखी एक रांजण होता. घरी करून थोडं विकतही असत, म्हणून एकदा पोलिसांची धाड पडली आणि काठीच्या एका घावात तो फुटला. मला कडब्याच्या गंजीत दडवलं होतं म्हणून वाचलो. त्या दिवसापासून निर्मलाबाईने विकणं बंद केलं. घरच्या कार्यापुरतंच ती फुलं भिजवी, तेही दार लोटून. भिकाबाई गेली तेव्हा मला जीव लावणारी तांड्यात एकटी निर्मलाबाई उरली. जे सगळ्यांना आवडतं ते चोरासारखं करायचं, ही सल तिच्या मनातून कधी गेली नाही.

तिची लेक पुजा परभणीला शिकायला गेली. अन्न कसं आंबतं, कसं टिकतं, हेच तिचं शिक्षण. तिने माझा चमचाभर गाळ नेऊन भिंगाखाली पाहिला आणि सुट्टीला आली ती नाचतच. "याडी," ती म्हणाली. तांड्यावर आईला याडी म्हणतात. "याडी, आंबवायचं असं बी कुठंच न्हाई. आपल्या रांजणात आजीच्या काळापासूनचं साठलंय."

"मग काय करायचं त्याचं?" निर्मलाबाईने विचारलं.

"उजेडात आणायचं."

नाशिककडे प्रज्ञेश नावाचा एक तरुण फळांचा रस आंबवून सायडर करत होता, परवाना काढून, राजरोस. पुजाने त्याच्याशी बोलणं लावलं. तो म्हणाला, रांजण आहे तसा घेऊन या, फुलं इथेच भिजवू. रांजण बोलला तर मोहाचं सायडर तुमच्या तांड्याच्या नावाने निघेल, आणि ते कसं करायचं हे तुमची आईच सगळ्यांना शिकवेल. हे ऐकल्यावर निर्मलाबाईने पुजाला ते दोनदा पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मला गुरुजी करतेत काय, बाई?" आणि तोंडाला पदर लावून हसली. तिला तसं हसताना मी प्रथमच पाहत होतो.

पुजाचा भाऊ प्रेमदास याच्या छोट्या हत्तीत, म्हणजे त्या लहानशा मालगाडीत, गवताच्या गादीवर मला बसवलं. जिंतूर, जालना करत आम्ही निघालो. पुजाने ठरवलं होतं की वाटेत असले आणखी दोन कारखाने याडीला दाखवायचे, म्हणजे तिची भीड चेपेल. भीड चेपायला निघालेली पोर, तिला बिचारीला काय ठाऊक!

पहिला कारखाना संभाजीनगरच्या बाहेर होता. तिथे बिअर करत. माझ्यासकट गाडी दाराशी उभी केली होती, आतलं सगळं काचेतून दिसत होतं. चांदीसारख्या लखलखीत टाक्या, डोक्याला टोप्या घातलेली पोरं, आणि सगळीकडे गरम पाण्याचे फवारे. जमिनीवर पडलेला थेंबसुद्धा लगेच पुसत. माहिती देणारा मुलगा हिंदीत आणि इंग्रजीत भराभर बोलत होता. निर्मलाबाई मान हलवत होती, पण तिला बोलणं कळत नव्हतं, ती फक्त बघत होती. तिला एक घोट दिला तेव्हा ती पुजाला म्हणाली, "काढ्यावानी कडू हाय गं. पर भांडी किती निर्मळ!"

दुसऱ्या ठिकाणी सफरचंदाचं सायडर होतं आणि शहरातून फिरायला आलेली बरीच मंडळी होती. फोटो चालले होते. एक बाई आमच्या गाडीजवळून गेली, थबकली आणि नाकाला रुमाल लावून नवऱ्याला म्हणाली, "शी! काय नेतात हे लोक यात?" ती वाईट नव्हती हो. वास होताच. पण गाडीला टेकून निर्मलाबाई उभी होती आणि तिने ते ऐकलं.

मित्रांनो, आमच्या तांड्याची एक रीत आहे. परक्याच्या दारी भांडं न्यायचं तर ते घासूनपुसून न्यायचं. ताकाचा गडू असला तरी आरशासारखा लख्ख करतात, मगच बाहेर काढतात. पुजा आणि प्रेमदास आत बघायला गेले. मागच्या अंगणात कामगार बायका बरण्या धूत होत्या, बाजूला उकळत्या पाण्याची टाकी होती. निर्मलाबाई त्यांच्यापाशी गेली.

"बाई, ही भांडी रोज अशीच धुता?"

"रोज. गरम पाणी न् सोडा. त्याशिवाय चालतच नाही."

"आन् तरी आतलं आंबतं?"

"आंबतं की, मावशी. हे काय, बघताय ना."

त्या बायकांनी पुढचं सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही. धुतलेल्या भांड्यात पुन्हा विकतचं बी घालतात, पुडीतून. ते निर्मलाबाईला कोण सांगणार? ती एवढंच समजली की शहाणी माणसं धुतात आणि तरी त्यांचं आंबतं, म्हणजे सासूचा नियम जुन्या काळचा होता.

त्या बायकांपैकी दोघींनी हात लावून मला गाडीतून खाली उतरवलं. आता काय होणार ते मला कळलं. मला ओरडायचं होतं, निर्मले, नको! जिने मला कधी कोमट पाणीसुद्धा लावलं नव्हतं, तिच्याच हाताने माझ्या पोटात उकळतं पाणी ओतलं, सोडा टाकला आणि काथ्याने घासायला घेतलं. किती मायेने घासत होती ती! बुडाचा गाळ निघाला, भिकाबाईच्या काळापासूनचा काळा थर निघाला, सगळं नाल्यातून वाहून गेलं. सोडा माझ्या अंगात मुरला. मला पालथं घालून तिने पदराने पुसलं, त्या बायकांच्या मदतीने गाडीत चढवून वर ताडपत्री टाकली आणि म्हणाली, "आता चल. आता तुला कोणी नावं न्हाई ठेवणार."

प्रज्ञेशच्या दारात पुजाने गाडीवरची ताडपत्री काढली आणि वाकून आत पाहिलं.

"रांजण कोणी धुतला?"

"मी," निर्मलाबाई कौतुकाने म्हणाली. "बघ, कसा लाल निघाला!"

"गाळ?"

"तेवढा काढायलाच तर किती तकलीफ झाली."

पुजाने माझ्या पोटात हात घालून बूड चाचपलं; परभणीला नेलेला चमचाभर गाळ तर तपासण्यातच संपला होता. "काहून, याडी? काहून केलंस असं?"

"घाण दिसत व्हता गं. ते समदे धुऊन राहिले व्हते, तरी त्यांचं आंबून राहिलं व्हतं. मग आपलं काहून न्हाई आंबणार?" एवढं बोलून तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "पुजा, न्हाई का आंबणार?"

फुलं भिजवली. आम्ही तिथे राहिलो. निर्मलाबाई सकाळ-संध्याकाळ माझ्या तोंडाशी कान लावून बसे. माझ्यातून काही आलं नाही. आधी मुरलेल्या सोड्याचा साबणासारखा वास आला, मग फुलांवर बुरशी चढली. प्रज्ञेश भला माणूस. तो म्हणाला, "काकू, मनाला लावून घेऊ नका, आमच्याकडचं बी घालून करू." त्याने स्टीलच्या भांड्यात करूनही पाहिलं. निर्मलाबाईने तो घोट तोंडात बराच वेळ धरला.

"चांगलं हाय, भाऊ," ती म्हणाली. "पर हे आमचं न्हाई."

तांड्याच्या नावाने काही निघालं नाही. आम्ही परत निघालो. पुजाने आईला रागाचा एक शब्द ऐकवला नाही, पण धीराचाही बोलली नाही, आणि निर्मलाबाईला तेच जास्त लागलं. आता पुजा दूर कुठल्याशा बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी करते. फोन येतो. जेवलीस का, पाऊस आहे का, एवढंच बोलणं होतं. प्रेमदासच्या लग्नात पहिली वाटी म्हणून जमिनीवर जे ओतलं, ते वारंगा फाट्याहून आणलेल्या बाटलीतलं होतं. जमीन तेही प्यायली. म्हाताऱ्यांनी घोट घेतले, पण डोळे कोणी मिटले नाहीत. निर्मलाबाई चुलीमागे जाऊन बसली ती जेवायलाही उठली नाही.

मित्रांनो, माझ्याकडून धडा घ्यायचाच असेल तर एवढाच घ्या. तुमच्या घरात काही जुनं, काळवंडलेलं, वास मारणारं असेल, तर परक्यांच्या डोळ्यांनी बघून त्याला उजळायला धावू नका. आधी कोणाला तरी विचारा. आणि तुमच्या आयांना सांगा, की त्यांच्या हातात जे आहे त्याची लाज धरू नका. हे पुजाने सांगायला हवं होतं. तिला वाटलं, याडीला ठाऊकच असेल.

दर चैत्रात निर्मलाबाई अजून फुलं वेचून आणते. मला थंड पाण्याने विसळते, हळू हाताने, जसं पूर्वी विसळायची तसं. फुलं भरते, फडकं बांधते आणि बुरशी चढेपर्यंत रोज माझ्या तोंडाशी कान लावून बसते.

"बोल की रे," म्हणते. "एकदा तरी बोल."