सिंकमधलं बनियन

"भांडी मी घासतो, तू निवांत विहारात जा," असं समाधान म्हणाला तेव्हा अंजलीनं त्याच्याकडे जरा संशयानंच पाहिलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात त्यानं स्वतःचा चहाचा कप फार तर ओट्यापर्यंत नेऊन ठेवला होता. पण आज बुद्धपौर्णिमा होती, जळोचीतल्या नव्या घरातली पहिलीच, आणि दुपारी इंदापूरहून तिचे वडील जेवायला यायचे होते. खीर, भात, आमटी सगळं झालं होतं. राहिला होता तो ओट्यावरचा पातेल्यांचा ढीग.

"खरकटं आधी डब्यात काढा. सिंकमध्ये जाऊ देऊ नका," एवढं बजावून ती पांढऱ्या साडीचा पदर सावरत निघून गेली.

समाधान इंदापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. द्रवाचा दाब हा त्याचा आवडता धडा. विज्ञान पुस्तकात नसतं, आपल्या घरात असतं, असं तो पोरांना दरवर्षी सांगायचा. आज ते घरात होतं आणि तो हातात घासणी घेऊन त्याच्यासमोर उभा होता. भाताचं पातेलं त्यानं तसंच नळाखाली धरलं. मग बुडाला लागलेलं खिरीचं. मग चहाच्या चोथ्यासकट गाळणी. डब्याची आठवण झाली तोवर पाणी सिंकमध्ये मुक्कामाला आलं होतं.

पाण्यावर शितं तरंगत होती. समाधाननं थोडा वेळ वाट पाहिली. पाणीही वाट पाहत राहिलं. मग त्यानं विचार केला, वरून दाब वाढवला की खालचा अडथळा पुढं सरकणार, यात अवघड काय आहे? त्यानं नळ पूर्ण सोडला. पाणी काठापर्यंत चढलं, ओट्यावर आलं आणि तिथून त्याच्या लेंग्यावर उतरलं. सिद्धांतात चूक नव्हती, पण पाण्याला खाली जाण्यापेक्षा त्याच्याकडे येणं सोपं वाटलं.

मग त्यानं मच्छरदाणीची काठी काढली. टोकाला जुनं बनियन गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि झाला दट्ट्या. सिंकची जाळी उचकटून त्यानं तो आत घातला आणि खालीवर करू लागला. गुडगुड असा आशादायक आवाज आला. त्यानं आणखी जोर लावला. काठी एकदम हलकी लागली आणि वर आली ती नुसती काठी.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात अंजलीचे वडील, बापूसाहेब होते. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, हातात केळ्यांची पिशवी. "जयभीम, सर. गाडी टायमाच्या आधीच लागली बघा," ते म्हणाले. इंदापूरच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांची नोकरी झाली होती, त्यामुळं गाडी लवकर लागली याचा त्यांना अजूनही अभिमान वाटायचा.

जावयाला ते सर म्हणायचे. जावई असून पाव्हणं म्हणत नसत, नावानं तर कधीच हाक मारली नव्हती. त्यांच्यासमोर ते खुर्चीच्या कडेवर बसत आणि इंदापुरात ज्याला-त्याला सांगत की आमचे जावई सायन्सचे प्रोफेसर हायेत. समाधान काही प्रोफेसर नव्हता. पण मामांचं हे म्हणणं त्यानं पाच वर्षांत एकदाही दुरुस्त केलं नव्हतं. ऐकायला बरं वाटायचं.

"हात धुतो जरा," म्हणत बापूसाहेब सरळ स्वयंपाकघरात आले आणि काठोकाठ भरलेल्या सिंकपाशी थांबले. त्यांनी पाण्याकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं, जावयाच्या ओल्या लेंग्याकडंही पाहिलं.

"तुंबलंय व्हय?"

"किरकोळ आहे, मामा. आत हवा अडकलीय."

बनियनबद्दल सांगायची हीच वेळ होती, हे त्याला कळत होतं. पण ज्या तोंडानं प्रोफेसर म्हणवून घेतलं, त्याच तोंडानं बनियन म्हणायचं कसं?

"मग हवेनंच हवा काढायची," बापूसाहेब आदरानं म्हणाले, "असं असंल न्हाय का सायन्सात?"

असं सायन्सात कुठंच नव्हतं. समाधान म्हणाला, "अगदी बरोबर." आणि जाऊन सायकलचा पंप घेऊन आला.

पंपाची नळी भोकात घालून, भोवती ओलं फडकं दाबून बापूसाहेब सिंकवर वाकले. समाधान पंप मारू लागला. फडकं चांगलं टम्म फुगलं. "येतंय, येतंय," बापूसाहेब म्हणाले. आणि ते आलं. दबलेला सगळा माल वरच्या वरच उडाला आणि बापूसाहेबांच्या सदऱ्यावर, मिशीवर, चष्म्यावर शितं आणि चहाचा चोथा बसला.

समाधानला वाटलं, आता हे बोलतील. बापूसाहेबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "जोर हाय पर हवेला," ते म्हणाले.

ती श्रद्धा समाधानला सहन होईना. ते रागावले असते तर बरं झालं असतं, त्याला निदान माफी मागता आली असती. श्रद्धेपुढं मात्र पुढचा प्रयोग दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सिंकखाली प्लॅस्टिकचा एक वाकडा पाइप होता. वास वर येऊ नये म्हणून त्यात कायम थोडं पाणी साठलेलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं तेही मामांना समजावून सांगितलं. मग खाली बादली ठेवली आणि पाइपाची वरची चकती फिरवून जोड सोडवला. भसकन पाणी बादलीत आलं, बादली जवळजवळ भरली आणि सिंक रिकामं झालं.

"वा," बापूसाहेब म्हणाले. "याला म्हणत्यात शिक्षण."

समाधान हरखून गेला. इतका, की अजून काहीच सुटलेलं नाही हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. "मामा, आता तुम्ही बॅटरी घेऊन खाली बसा आणि पाइपात काही दिसतं का बघा," तो रुबाबात म्हणाला. बापूसाहेब बिचारे धोतर आवरून ओट्याखाली शिरले. आणि समाधाननं ती घाण पाण्याची बादली उचलली. घाण पाणी ओतायची घरातली जागा कुठली, याचा त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही. त्यानं ती सिंकमध्ये ओतली.

खालून आवाज आला नाही. नुसता पाण्याचा आला.

समाधान रिकामी बादली धरून उभा राहिला. द्रव वरून खाली वाहतो हे त्यानं बारा वर्षं शिकवलं होतं. ओट्याखालून आधी बॅटरी बाहेर आली, मग मामांचा हात, मग खिरीच्या पाण्यानं न्हालेले मामा. ते भिंतीला टेकून फरशीवरच बसले. समाधानही त्यांच्यासमोर त्या चिखलात बसला. उभं राहण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही असं त्याला वाटलं.

"मामा," तो म्हणाला, "आत माझं बनियन आहे."

"कुठं?"

"पाइपात."

बापूसाहेबांनी हे नीट ऐकून घेतलं. "कवापासनं?"

"तुम्ही यायच्या आधीपासून. आणि मी प्रोफेसर नाही. अकरावी-बारावीला शिकवतो."

"ते म्हाईत हाय मला. तुमच्या कॉलेजचा शिपाई माज्याच आळीत ऱ्हातो." बापूसाहेबांनी मिशीतलं शीत काढलं. "म्हनलं, तुमाला बरं वाटतंय तर वाटू द्या. पर बनियनचं आधी सांगायचं व्हतं, पाव्हणं. मी इस्त्रीचा सदरा तरी काढला असता."

आणि ते हसू लागले. आधी नुसतं पोट हलत होतं, मग खोकला लागेस्तोवर. समाधानलाही हसू आलं. हसता हसताच बापूसाहेबांनी सुटलेल्या पाइपाच्या तोंडात दोन बोटं घातली आणि ओढू लागले. बनियन येतच राहिलं, आधी एक बाही, मग सुतळी, मग ताणून दुप्पट लांब झालेलं बाकीचं. शेवटी भाताचा एक गोळा पुच्च करून बाहेर पडला आणि खाली कुठंतरी पाणी वाहून गेल्याचा आवाज आला.

नेमकी तेव्हाच अंजली आली. स्वयंपाकघराच्या दारात तिला वडील आणि नवरा फरशीवर चिखलात बसलेले दिसले, मध्ये बनियन. तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "इथला नळ नको आता. मी शेजारच्या साखरबाईंच्या नळावरून पाणी आणते. तुम्ही दोघं जागचे हलू नका. कशालाही हात लावू नका."

जेवायला बसताना बापूसाहेबांच्या अंगात समाधानचा लेंगा आणि शर्ट होता, दोन्ही आखूड. खीर त्यांनी तीनदा घेतली. एरवी ते चारच्या गाडीनं परत निघायचे. आज त्यांचे कपडे दोरीवर होते, म्हणून थांबले, आणि कपडे वाळल्यावरही निघायचं नाव काढेनात.

संध्याकाळी साखरबाई आणि विहारातली माणसं खिरीला आली. कुणीतरी बापूसाहेबांच्या सदऱ्यावरच्या डागांबद्दल विचारलं आणि समाधान सांगू लागला. आपला मूर्खपणा सांगताना इतकी मजा येते, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. तो बादलीपाशी आला आणि म्हणाला, "आता बादली होती अर्धी."

"अर्धी कशी? भरलेली व्हती," खुर्चीत मागं रेलून बसलेले बापूसाहेब म्हणाले. "खाली कोन बसलं व्हतं, तुमी का मी? नीट सांगा, समाधान."