तळीला लावलेला हात

सांगलीच्या ग्राहक आयोगात समोरच्या वकिलांनी रंगुबाईपुढे फोटो धरला. पाच जणांनी खंडोबाची तळी डोक्याच्या वर उचललेली, आणि ताटाला लागलेल्या त्या पाच हातांत तिचाही उजवा हात.

"हाच ना तो हात, जो खांद्याच्या वर जात नाही?" वकील हसले. "तोंड उघडून येळकोटही जोरात चाललाय बाईंचा!"

दोन वर्षांमागे एका खाजगी दवाखान्यात तिनं फ्लूची लस घेतली. सुई फार वर, थेट सांध्यात गेली, अशी तिची तक्रार. तेव्हापासून तिला अंबाडा घालता येईना, चोळी चढवता येईना. भरपाई मिळाली तरच ऑपरेशन होणार होतं.

तिच्या वकील रेश्माताई कानाशी लागल्या. "मावशी, लस घ्यायच्या आधीचा असेल ना हा फोटो? तसं सांगा. तारीख नाही त्यावर."

कपाळी भंडारा लावल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी बाई ती. तळीवरच खोटं कशी बोलणार?

"न्हाई ताई. औंदाच्या चंपाषष्ठीचा हाय."

मागच्या बाकावरून तिचा मुलगा मल्हार कुजबुजला, "आये, गप की!" फोटो मोबाइलवर त्यानंच टाकला होता.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "मग हात वर गेला कसा?"

"म्या न्हाई नेला, बाईसाब. तळीला पाच हात लागत्यात. माझा नुसता ताटाला लावल्याला. बाकीच्यांनी उचलली, आन् शेजारी ह्यो माझा ल्योक, त्यानं कोपराला धरून रेटला."

"सोडायचा होता हात."

"उचलल्याली तळी कशी सोडू? देव मधीच टाकल्यावानी व्हतंय."

"आणि हा येळकोट?"

रंगुबाईनं पदर सारखा केला. मागं वळून न बघता ती हळूच म्हणाली, "येळकोट न्हवं त्यो. वरडले मी. समद्यांच्या आवाजात मिसळून गेलं, मी बी मिसळू दिलं."

समोरचे वकील पुन्हा हसले नाहीत. अध्यक्षबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला. मग सरकारी डॉक्टरांकडून खांदा तपासून अहवाल मागवायचं ठरलं. पुढची तारीख पडली.

बाहेर आल्यावर मल्हारनं तिला जिन्याशी थांबवलं. "मला सांगायचं न्हाईस व्हय गं?"

"सणाच्या दिवशी?"

जिना उतरताना त्यानं सवयीनं तिचा उजवा दंड धरायला हात पुढं केला, आणि तसाच मागं घेतला. मग वळसा घालून तो तिच्या डाव्या बाजूला गेला.