बाथरूमसकट माहेरी

आई निसरपुरला पोहोचली आणि गाडीतून खाली उतरली नाही.

हे वाक्य तुम्ही अजून वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. आत्ता मे महिन्याचा पहिला आठवडा आहे, सगळं व्हायचं आहे, आणि माझे वडील, म्हणजे बापू, शाळेची एक जुनी व्हॅन विकत घेऊन देवासच्या गल्ल्यांतून फिरवतायत. मागे मी बसलोय. माझ्या पायांत झाकणाची बादली आहे. बादलीत पाणी आहे.

“किती सांडलं, अनीश?” बापू दर स्पीडब्रेकरनंतर ओरडतात.

“अर्धा कप.”

“तुझी आई अर्धा कपसुद्धा चालवून घ्यायची नाही.”

खरंच नाही घेणार. आई, विनोदिनीबाई, एकतीस वर्षं धारच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकला होती. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा, मधल्या काळात त्याचं काय झालं ते विचारायचं नाही. ती रिटायर झाली, आम्ही देवासला आलो, तिचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तिला दर वीस मिनिटांनी बाथरूमला जावं लागतं. एकदा इंदूरच्या बसमध्ये तिने कंडक्टरला तीनदा गाडी थांबवायला लावली. तिसऱ्या वेळी सगळी बस हसली. चौथ्या वेळी तिने सांगितलंच नाही. त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर ती गल्लीच्या टोकापुढे गेलेली नाही. लग्नं, बारशी, तेरावी, सगळीकडे ती फोनने हजर असते.

अशात मनावर गावाहून तिच्या मामेभावाने, खंडोजीमामाने, एक फोटो पाठवला. आईचं माहेर निसरपुरचं. ते घर धरणाच्या पाण्यात गेलं. यंदा उन्हाळ्यात पाणी उतरलं तसा ओटा वर आला होता, आणि खाली तीन पायऱ्या. चिखलाने माखलेल्या, पण त्याच.

आईने फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. “ओट्यावर पाच मिनिटं बसून आले असते,” म्हणाली आणि उठून बाथरूमला गेली.

बापूंनी त्याच संध्याकाळी बाथरूम निसरपुरला न्यायचं ठरवलं.

अंकित भिया आमच्या गल्लीमागे रिक्षांच्या बॉड्या बनवतो. बापूंनी त्याच्यापुढे वहीतलं चित्र ठेवलं. मागच्या सीटा काढायच्या. प्लायचा पलंग, लांबी आईपेक्षा चार बोटं जास्त. खाली पाण्याचे कॅन. कोपऱ्यात दवाखान्यात असते तशी खाली भांडं असलेली खुर्ची, भोवती बाग गावच्या ठशांच्या छापाचा पडदा. छताला छोटा पंखा. एक लहान शेगडी. खलास.

“अंकल, टीवी भी फिट हो जाएगा,” अंकित म्हणाला.

“नको.”

“लाइटिंग? लोग तो ऐसी गाड़ी में गोवा जाते हैं. आप कहाँ जा रहे?”

“बायकोच्या माहेरी.”

अंकितने पेन्सिल कानामागे ठेवली आणि पुन्हा टीव्हीचं नाव काढलं नाही.

काम सुरू झालं तशी आई रोज फाटकाशी येऊन उभी राहू लागली. “ब्रेक मारला तर मी खुर्चीवर टिकू कशी?” अंकितने डावीकडे दांडी बसवली. “आणि गाडी वळली तर?” उजवीकडे दुसरी दांडी. “पडदा उडाला तर?” पडद्याला चुंबक. “आणि मी आत असताना मागच्या गाडीवाल्याला कळलं तर?”

“काकी, उसको कैसे पता चलेगा?”

“लाल दिव्याला सगळ्या गाड्या स्थिर असतात. आपलीच हलेल ना?”

याच्यावर अंकितकडे पार्ट नव्हता.

पंधरा मेला गाडी तयार झाली आणि धारहून पार्वतीआत्या आली. आत्या बापूंची थोरली बहीण. आमच्या घरात सोवळं तिच्यामुळे टिकून आहे. तिने व्हॅनमध्ये डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं.

“एकाच खोलीत चूल आणि संडास?”

“अक्का, ही खोली नाही, गाडी आहे.”

“निजायला आहे, रांधायला आहे, बसायचीही सोय केलीस. घर नाही तर काय?”

“नंबर प्लेट आहे तिला!”

“घरालाही नंबर असतो.”

अंकितने शेगडी मागच्या दाराच्या फळीवर हलवली. दार उघडलं की शेगडी गाडीबाहेर, म्हणजे घराबाहेर. आत्याला ते पटलं. पण गाडी हे घर आहे हेही त्यामुळे पक्कं झालं. नुसतं लिंबू-नारळावर भागलं असतं, आता वास्तुशांत आली. गुरुजी म्हणाले, उद्या अमावास्या, परवापासून अधिक ज्येष्ठ. महिनाभर मुहूर्तच नाही. थेट बावीस जून.

“बावीस जूनला पाणी वर आलं म्हणजे?” मी विचारलं. “आई, आपण उद्या सकाळीच निघू. यार, गाडीच तर आहे.”

सगळे आईकडे बघू लागले. आई त्या दोन दांड्यांकडे बघत होती.

“बावीसच करा,” ती म्हणाली. “अशांत घरातून कसं जायचं?”

मग ती तरतरीत पावलांनी घरात गेली. चार वर्षांत इतकी तरतरीत मी तिला पाहिली नव्हती.

महिनाभर मामाचे फोटो येत राहिले. तुळशीचा चौथरा वर आला. मग खालचं अंगण वर आलं. जूनच्या मध्यावर अंगण दिसेना. मग चौथरा दिसेना. आई फोटो बघायची आणि पडद्याला आणखी एक चुंबक शिवायची.

बावीसला वास्तुशांत झाली. गाडीत पेट्रोल असल्यामुळे होम रस्त्यावर झाला. वास्तुपुरुष पुरायला जमीन नव्हती, म्हणून तो आग्नेय कोपऱ्यात जॅकशेजारी ठेवला. गाडी वळली की आग्नेय बदलते, हे मी म्हटलेलं गुरुजींना ऐकू आलं नाही.

तेवीसला निघालो. इंदूरपर्यंत आई तीनदा पडद्याआड गेली. धारच्या लाल दिव्याला ती आत होती आणि मी मागच्या काचेतून मोटारसायकलवाल्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो नाक कोरत होता. त्याला काहीही कळलं नव्हतं. मी तसं आईला सांगितलं. मनावर गाव मागे पडल्यावर तिने “किती राहिलं” विचारणं थांबवलं. तिने खिडकी उघडली. एक थेंब सांडला नव्हता.

निसरपुरच्या अलीकडे डांबरी रस्ता सरळ पाण्यात जात होता. तिथे खंडोजीमामा उभा होता. त्याने हात जोडले, जणू पाणी त्यानेच सोडलं होतं.

“ताई, परवापर्यंत वरची पायरी होती.”

बापूंनी गाडी उलटी लावली आणि मागचं दार उघडलं. समोर नुसतं पाणी होतं. आई पलंगाच्या कडेला आली आणि तिथेच बसली.

“उतरतेस ना?” बापूंनी हात पुढे केला.

“उतरून उभी कुठे राहू?”

थोड्या वेळाने तिने पाण्यातून वर आलेला विजेचा खांब मला दाखवला. “तिथून डावीकडे वीस पावलं.” बराच वेळ ती त्या वीस पावलांकडे बघत होती. मग बापूंना म्हणाली, “मुहूर्ताचं काही नव्हतं हो. मलाच भीती वाटत होती.”

“माहीत आहे,” बापू म्हणाले आणि चहा ठेवायला लागले.

“अनीश, कागद घे. हिंदीत नंतर कर.” तिने पदर नीट केला आणि कचेरीतल्या आवाजात सांगायला सुरुवात केली:

प्रति, माननीय कार्यपालन यंत्री (अभियंता) महोदय, धरण विभाग. विषय: जलाशयाची पातळी एका दुपारपुरती कमी करून मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराचे माहेर आपल्या पाण्याखाली आहे. अर्जदारास यायला उशीर झाला, यात शासनाचा दोष नाही. तरी सोयीच्या कोणत्याही दिवशी, दुपारी बारा ते चार, पाणी चार पायऱ्या खाली घेण्याची कृपा व्हावी. चौथी पायरी फोटोत दिसत नाही, पण आहे. अर्जदार ओट्यावर पाच मिनिटे बसतील, उरलेला वेळ चिखल वाळण्यासाठी मागितला आहे. त्यानंतर पाणी पुन्हा भरल्यास अर्जदाराची हरकत राहणार नाही.