पाय कापलेली पाहुण्याची खुर्ची

साहेब, माझे पाय तुम्ही कापायला लावलेत. तुमचं नाव घेत नाही. पण या कोठीची किल्ली तुमच्याच खिशात आहे.

मित्रांनो, मी शिसवाची खुर्ची. फरीदाबादच्या सुताराने मला घडवलं, ते भाऊसाहेब साळव्यांच्या सांगण्यावरून. भाऊसाहेब दिल्लीतल्या एका अँग्लिकन चर्चचे. त्यांची बायको हिल्डाबाई वसईची, पक्की कॅथलिक. संध्याकाळी दोघं मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत. ‘वाइटापासून सोडव’ म्हटलं की हिल्डाबाई थांबायच्या, कारण त्यांची प्रार्थना तिथेच संपते. ‘राज्य, सामर्थ्य आणि गौरव’ ही पुढची ओळ भाऊसाहेब एकटे म्हणत.

“झालं का तुमचं शेपूट?” हिल्डाबाई विचारायच्या. मग आमेन दोघांचं.

हिल्डाबाई गेल्या. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला दोन्हीकडच्या फादरनी या अँग्लिकन चर्चमध्ये एकत्र प्रार्थना करावी, एवढंच भाऊसाहेबांना हवं होतं. कॅथलिक फादर लगेच हो म्हणाले. नुसती प्रार्थना, त्यात प्रभुभोजनाचा भाकर-द्राक्षारसाचा विधी नाही, म्हणजे नियमही आड येत नव्हता. त्या पाहुण्या फादरसाठी मी आले.

आणि माझ्यावरच घोडं अडलं.

“पाहुणा यजमानाच्या बरोबरीने बसणार? प्रोटोकॉल आहे काही,” चर्चचा कारभार पाहणारे साहेब म्हणाले. माझे पाय कापले. तेही वेडेवाकडे, मी डुगडुगायला लागले. मग साहेबांना मी फार बुटकी वाटले. “त्यांचा अपमान होईल.” मग मला वेदीच्या डावीकडे ठेवायचं की उजवीकडे, यावर बैठका झाल्या. शेवटी “विषय वर पाठवलाय” म्हणून मला इथे कोंडलं. सोबतीला नाताळची चांदणी आणि मोडका माईक. स्मृतिदिन आला नि गेला. दार उघडलं नाही.

त्या दिवशी भाऊसाहेब कोठीच्या जाळीपाशी आले. मुलगी हेमांगी सोबत होती.

“चलो ना बाबा, घरीच करू प्रार्थना.”

“घरी रोजच करतो गं. तिला एकदा माझ्या चर्चमध्ये पाहुणी म्हणून आणायचं होतं.”

ते पायरीवर बसले. प्रार्थना सुरू केली. ‘वाइटापासून सोडव’ म्हणून थांबले, ते थांबलेच. पुढची ओळ नाही, आमेन नाही. आता दर रविवारी येतात, तिथवरच म्हणतात आणि उठून जातात. मी आतून ऐकते. मला तोंड असतं तर ती ओळ मीच म्हटली असती.

मित्रांनो, खुर्ची जपायची म्हणजे पुसून कुलपात ठेवायची नसते. तिच्यावर माणसाला बसू द्यायचं असतं.

साहेब, तुमच्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. तुम्ही माझे कापलेत. पाहुणे फादर तर सतरंजीवरही बसायला तयार आहेत. मग नक्की कोणाचा मान राखताय तुम्ही? म्हाताऱ्याचं आमेन अडलंय. कुलूप कधी काढताय, ते सांगा.