एक जूनची माणसं

दिपाली शहापूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि तिथल्याच मुलींच्या वसतिगृहात राहायची. तिचा चुलतभाऊ जगन पहिल्या वर्षाला. दोघं मुरबाडकडच्या टोकावड्याच्या वरच्या पाड्यातली. दिपालीच्या वर्गातला अक्षय भातसानगरचा, त्याचे वडील धरणावर नोकरीला. ठाण्यात एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर एकवीसच्या आतल्या पोरांसाठी नाचगाण्याची रात्र असते, दारू अजिबात नाही, ही खबर अक्षयनेच आणली. अट एकच, अठरा पूर्ण हवीत. तिकिटं त्यानंच काढली आणि शनिवारी भावाची गाडी घेऊन आला. परतताना तो दोघांना टोकावड्याला सोडणार होता.

साडेसातला ते दारात पोचले. काळ्या शर्टातल्या राखणदारानं अक्षयचं आधारकार्ड पाहून परत दिलं. दिपालीचं पाहिलं. मग जगनचं घेतलं आणि दोन्ही कार्डं शेजारी धरली.

"दोघांचा जन्म एक जूनचा?"

"व्हय," दिपाली म्हणाली.

"जुळे आहात?"

"नाय. चुलत. साल बघा ना, दोन वर्षांचं अंतर हाय."

"साल बदलता येतं. मागच्या आठवड्यात अशीच चौघं आली होती, एकाच दुकानातून कार्डं छापून. हा पोरगा सोळाचा पण नाही." त्यानं दोन्ही कार्डं खिशात घातली.

"आमच्या पाड्यात निम्म्यांची तारीख तीच हाय. घरी जन्मलो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिवली."

मागं रांग लागली होती. कुणीतरी हसलं. राखणदारानं अक्षयकडे बोट केलं. "हे तुझ्याबरोबर आहेत?"

अक्षयनं एकदा रांगेकडे पाहिलं. "नाही. खाली लिफ्टपाशी भेटले."

आणि तो आत गेला.

वाटेत याच अक्षयनं तिच्या डब्यातली नाचणीची भाकरी मागून खाल्ली होती. जगन तिची ओढणी ओढू लागला. "चल गो. जाऊ दे."

"कार्ड इथं सोडून?" ती दारातच उभी राहिली. "कार्डं द्या. आत नाय जायचं आमाला."

"ती जमा होणार. बाजूला हो."

आतून मॅनेजर बाई आली. राखणदारानं खिशातून कार्डं काढून तिच्यापुढं धरली, तिनं त्यांवरचा पत्ता वाचला. "मुरबाडकडचे का? तिकडं घरोघरी मोहाची गाळतात ना? मग इथं सरबत प्यायला एवढ्या लांब कशाला आलात?"

"आमच्या घरात कोन पीत नाय," दिपाली म्हणाली. "आनि पीत असते तरी तुमी विचारनाऱ्या कोन? तुमी आमची कार्डं ठेवून घेतली. मी पोलिसांना फोन लावते. खोटी असतील तर आमाला नेतील. खरी असतील तर तुमी काय ते त्यांना सांगा."

तिनं एकशे बारा दाबून फोन बाईसमोर धरला. बाईनं तिच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे. दोघीतिघींनी मोबाइल वर केले होते.

"बंद कर तो," बाई म्हणाली. तिनं राखणदाराच्या हातून कार्डं घेऊन दिपालीच्या हातावर टाकली. "शिक्का मार यांना. आत जाऊ दे. तमाशा नकोय मला."

दिपालीनं फोन बंद केला, पण हात पुढं केला नाही. जगननं केला.

"तू जातोस?" तिनं विचारलं.

"महिनाभर वाट बघितली गो," तो खाली बघत म्हणाला.

ती एकटीच खाली उतरली आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसली. आता तिला राखणदाराचा राग कमी आणि जगनचा जास्त येत होता.

पाऊण तासानं जगन आला. खालचा ओठ फुटलेला. मागून अक्षय, शर्टाची गुंडी तुटलेली.

"यानं माझी कॉलर धरली," अक्षय म्हणाला. "आम्हाला दोघांना हाकललं. मी काय एवढं केलं? मलापण अडकवलं असतं त्यांनी."

"भेटले म्हनालास ना लिफ्टपाशी?" दिपाली म्हणाली. "मग तिथंच सोड. निघ."

"रात्रीचं जाणार कसे?"

"तुला काय करायचंय?"

अक्षय गाडी घेऊन निघून गेला. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

दोघं कल्याणच्या एसटी स्टँडवर पोचले तोवर टोकावड्याची शेवटची गाडी गेलेली होती. रात्रभर ते बाकाच्या दोन टोकांना बसून राहिले. मध्येच जगन म्हणाला, "तुझ्यासाठीच मारला त्याला."

"माझ्यासाठी करायचं होतं तर दारात करायचं. माझ्यासंगं खाली यायचं."

तो फुटलेला ओठ चाचपत बसला. बऱ्याच वेळानं तिनंच विचारलं, "काय होतं आत?"

"गानी. गार हवा. लाल सरबत. सगळे आपापल्या टोळक्यात. माझ्याशी कोन बोललं नाय."

पहाटेच्या गाडीत ती पुढं बसली, तो मागं. टोकावड्याला उतरल्यावर तो ढाब्यापाशी थांबला आणि चहा घेतेस का म्हणून विचारलं.

"नको," दिपाली म्हणाली. "आनि परत माझ्यासंगं कुठं यायचं नाय."

ती पाड्याच्या वाटेला लागली. जगन मागून येत होता. अंतर कमी झालं की ती पाय उचलत होती.